प्रश्नोत्तरे : पंप घेऊनही तपासणीत धाप जास्त का जाणवली?

दम्याविषयी नाशिक शहर आणि जिल्ह्यातून आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे या अंकासाठी निवडली आहेत. श्वासनलिका किती आवळते आणि धाप किती जाणवते यांचा मेळ अनेकदा बसत नाही, आणि स्टेरॉईडच्या पंपाने या दोन्ही गोष्टींत फरक पडतो, हा तिन्ही पत्रांतला समान धागा आहे. पहिल्या पत्रलेखिकेने तपासणीचे आकडे नीट उतरवून पाठवले असल्यामुळे त्यांना दिलेले उत्तर अधिक विस्ताराने छापले आहे.

प्रश्न : मी ३९ वर्षांची असून नाशिकरोडच्या एका शाळेत शिकवते. लहानपणापासून मला थंडीत खोकला येतो आणि रात्री छातीतून सूं-सूं आवाज येतो. गेल्या वर्षी छातीच्या डॉक्टरांनी स्पायरोमेट्री, म्हणजे यंत्रात जोराने फुंकून करायची फुफ्फुसांची तपासणी केली. पंप देण्यापूर्वीच्या आणि नंतरच्या आकड्यांतून निश्चित निदान होत नव्हते, म्हणून त्यांनी मेथाकोलीनची तपासणी करून घेतली. त्या वेळी पहिल्या सेकंदात मी २.१ लिटर हवा फुंकू शकत होते आणि १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर इतक्या मेथाकोलीनने त्यात २० टक्के घट झाली. धाप किती वाटते, असे विचारल्यावर मी दहापैकी १ असे सांगितले होते. त्यानंतर ब्युडेसोनाईड या स्टेरॉईडचा २०० मायक्रोग्रॅमचा पंप सकाळ-संध्याकाळ सुरू झाला. आठ महिन्यांनी, मात्रा कमी करता येईल का हे पाहण्यासाठी, तीच तपासणी पुन्हा झाली. या वेळी सुरुवातीचा आकडा २.५ लिटर होता आणि २० टक्के घट व्हायला ४ मिलिग्रॅमची मात्रा लागली. डॉक्टरांना समाधान वाटले, पण मला मात्र या खेपेला छाती आवळल्यासारखी झाली आणि मी दहापैकी ४ असे सांगितले. सासूबाई म्हणतात की स्टेरॉईडने छाती नाजूक केली, आता पंप बंद कर. पंपामुळे माझी धाप वाढली का?

उत्तर : पंप बंद करू नका. तुमच्या पत्रातले आकडे तुमचा दमा आटोक्यात येत असल्याचे सांगतात, आणि या खेपेला जाणवलेली धाप त्याच्या विरोधात जात नाही. असे का, हे समजण्यासाठी या तपासणीत एकाच वेळी दोन वेगळ्या गोष्टी कशा मोजल्या जातात ते पाहावे लागेल.

मेथाकोलीन हे आपल्या मज्जातंतूंच्या टोकांशी पाझरणाऱ्या ॲसिटिलकोलीन या द्रव्याच्या जातीचे, पण प्रयोगशाळेत तयार केलेले औषध आहे. ते श्वासावाटे आत गेले की श्वासनलिकांभोवतीचे स्नायू आकुंचन पावतात. निरोगी माणसाच्या नलिकाही पुरेशा मोठ्या मात्रेने थोड्याफार आवळतात, परंतु दमा असलेल्या माणसाच्या नलिका अगदी थोड्या मात्रेनेच आवळतात, आणि या अतिसंवेदनशीलतेवरूनच निदानाला आधार मिळतो. अतिशय सौम्य द्रावणापासून सुरुवात करून मात्रा पायरीपायरीने वाढवली जाते, प्रत्येक पायरीनंतर फुंकायला सांगितले जाते, आणि पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा सुरुवातीच्या तुलनेत २० टक्क्यांनी घटली की तपासणी तेथेच थांबवून सालब्युटामॉल देऊन नलिका पुन्हा मोकळ्या केल्या जातात. १६ मिलिग्रॅमपर्यंतही एवढी घट झाली नाही, तर प्रतिसाद सामान्य मानतात. ४ ते १६ या पट्ट्यातला प्रतिसाद सीमारेषेवरचा, १ ते ४ मधला सौम्य अतिसंवेदनशीलतेचा आणि १ च्या खालचा त्याहून तीव्र समजला जातो. २०१७ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेपासून द्रावणाच्या तीव्रतेऐवजी शरीरात गेलेले एकूण मायक्रोग्रॅम मोजण्यावर भर आहे, तरी आपल्याकडील बऱ्याच अहवालांत अजून जुनीच पद्धत आढळते.

हे झाले यंत्राचे मोजमाप. दुसरे मोजमाप तुम्ही स्वतः केले, ते म्हणजे धापेचे. शून्य ते दहाची जी पट्टी तुमच्यापुढे धरली गेली, ती गुनार बोर्ग या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखली जाते. शून्य म्हणजे धाप अजिबात नाही, १ म्हणजे अगदी थोडी, ३ म्हणजे मध्यम, ४ म्हणजे काहीशी तीव्र, ५ म्हणजे तीव्र आणि १० म्हणजे सहनशक्तीची कमाल. संशोधनात बहुधा २० टक्के घट होण्याच्या क्षणी रुग्णाने दिलेला बोर्गचा आकडा घेतात, म्हणजे सगळ्यांची तुलना एकाच पातळीवर होते. या तुलनेची मर्यादा मात्र नीट समजून घ्यायला हवी, कारण तुमच्या प्रश्नाचे मर्म तिथेच आहे.

२० टक्के हा हिशोब सुरुवातीच्या आकड्यावर चालतो. पहिल्या तपासणीत २.१ लिटरचे २० टक्के घटले, म्हणजे तुम्ही सुमारे १.७ लिटरवर आलात. दुसऱ्या तपासणीत २.५ लिटरचे २० टक्के घटले आणि तुम्ही २ लिटरवर आलात. म्हणजे या खेपेला ज्या क्षणी छाती आवळली आणि तुम्ही ४ म्हणालात, त्या क्षणी तुमच्या फुफ्फुसातून पहिल्या सेकंदात २ लिटर हवा बाहेर पडत होती. पंप सुरू होण्यापूर्वी तुम्ही २.१ लिटरवर रोज वर्गात उभ्या राहून शिकवत होतात, जिने चढत होतात, घर सांभाळत होतात, आणि त्याच स्थितीला स्वतःची सामान्य प्रकृती समजत होतात. आज ज्या पातळीला तुम्ही धाप म्हणता, जवळपास त्याच पातळीवर तुम्ही न जाणो किती वर्षे राहिलात. मला तुमच्या पत्रातली ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते, आणि ती सासूबाईंना आकड्यांसह दाखवावी असे मी मनापासून सांगेन.

हळूहळू वाढलेला अडथळा मेंदू सवयीने दुर्लक्षित करतो. लासलगावला कांद्याच्या चाळीत दिवसभर राबणाऱ्याला तिथला वास येईनासा होतो आणि चार दिवस परगावी राहून परतल्यावर तोच वास नाकात भरतो, तसेच श्वासाच्या जाणिवेचे होते. आठ महिन्यांत तुमच्या नलिकांना मोकळे राहण्याची सवय झाली, म्हणून आता त्या थोड्या वेळात एवढ्या आवळल्या की फरक तुम्हाला स्पष्ट कळतो. यात शरीराच्या यांत्रिकीचाही भाग आहे. नलिका अरुंद झाल्या की आत घेतलेली हवा पूर्ण बाहेर पडत नाही, छाती फुगलेलीच राहते आणि पुढचा श्वास घेताना स्नायूंना आधीच ताणलेल्या छातीवर आणखी जोर लावावा लागतो. हा जादा जोर मेंदूला धाप म्हणून कळतो, तर छाती आवळल्याची जी वेगळी भावना तुम्ही लिहिली आहे, ती प्रामुख्याने नलिकांच्या भिंतींतील संवेदकांकडून येते.

आता स्टेरॉईडकडे वळू. दम्यात स्नायू आकुंचन पावतात हे खरे, पण त्याच्या मुळाशी नलिकांच्या अस्तराचा दीर्घकाळ टिकणारा दाह असतो. तेथे इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी गोळा होतात, अस्तराचा वरचा थर जागोजागी झिजतो, कफ चिकट होतो. श्वासावाटे घेतलेले स्टेरॉईड हा दाह कमी करते, आणि म्हणूनच तेवढीच घट घडवायला आता अधिक मेथाकोलीन लागते. तुमच्या बाबतीत ही मात्रा १ वरून ४ वर गेली, म्हणजे दोनदा दुप्पट झाली. हा बदल गोळीने डोकेदुखी थांबावी तसा तासाभरात होत नाही. लक्षणे काही दिवसांत ते आठवड्यांत कमी होतात, फुंकण्याचे आकडे आठवड्यांत सुधारतात, पण अतिसंवेदनशीलता कमी होत जाण्याचे काम महिनोन्‌महिने, कधी वर्षभरही चालू राहते.

दाह आणि जाणीव यांचा संबंध संशोधकांनी वेगवेगळ्या बाजूंनी तपासला आहे. ज्यांच्या नलिका सर्वांत अधिक संवेदनशील, त्यांनाच तेवढ्या घटीची धाप कमी जाणवते, असे निरीक्षण १९८२ मध्ये प्रसिद्ध झाले होते. फ्रान्समधील एका गटाने १९९५ मध्ये दम्याच्या रुग्णांना मेथाकोलीन आणि ब्रॅडिकायनिन अशी नलिका आवळणारी दोन द्रव्ये देऊन पाहिले. पंपातून स्टेरॉईड न घेणाऱ्यांना ब्रॅडिकायनिनने झालेले आकुंचन नीट जाणवत नव्हते, स्टेरॉईड घेणाऱ्यांना ते जाणवत होते, आणि अस्तरात इओसिनोफिल जितके अधिक, तितकी ही जाणीव बोथट असल्याचे दिसले. मेथाकोलीनच्या बाबतीत मात्र दोन्ही गटांत असा ठळक फरक नव्हता. म्हणून स्टेरॉईडने प्रत्येकाची जाणीव वाढते, असे मी म्हणणार नाही. तेवढ्याच घटीला काही रुग्णांचा बोर्गचा आकडा वाढतो, काहींचा होता तसाच राहतो, काहींचा थोडा उतरतो. तुमचा वाढला, याचे सरळ आणि पुरेसे स्पष्टीकरण तुमच्या सुधारलेल्या सुरुवातीच्या आकड्यात आहे. दाह ओसरल्याने जाणीवही थोडी तल्लख झाली असेल, तर ती अधिकची जमेची बाजू.

येथे एक गोष्ट तुम्ही स्वतः तपासून पाहू शकता. दोन्ही अहवालांत प्रत्येक मात्रेपुढे फुंकण्याचा आणि धापेचा आकडा लिहिलेला असेल. दुसऱ्या अहवालात १ मिलिग्रॅमसमोरची ओळ वाचा. पहिल्या खेपेला याच मात्रेने २० टक्के घट झाली होती. या खेपेला तेथे घट बरीच कमी असणार आणि धापही नसल्यासारखीच असणार. रोजच्या जगण्याशी या ओळीचा संबंध अधिक आहे, कारण हिवाळ्यातली थंड हवा, शाळेतला खडूचा नि धुळीचा त्रास, सर्दीपडसे यांचा डोस काही आपल्या नलिका बऱ्या झाल्या म्हणून वाढत नाही. तेवढ्याच चिथावणीला नलिका आता कमी आवळतात. प्रयोगशाळेत मात्र २० टक्के घट होईपर्यंत मात्रा मुद्दाम वाढवत नेतात, त्यामुळे औषध कितीही चांगले लागू पडले तरी शेवटचा क्षण त्रासदायकच ठरतो.

धाप जाणवणे मला का मोलाचे वाटते, तेही सांगतो. जपानी डॉक्टरांनी १९९४ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये अशा रुग्णांचा अभ्यास मांडला, जे दम्याच्या जीवघेण्या झटक्यातून वाचले होते. श्वासाच्या वाटेत अडथळा वाढवत नेला तरी त्यांना इतरांच्या मानाने धाप कमी जाणवत होती, आणि रक्तातला ऑक्सिजन घटला तरी त्यांचा श्वास पुरेसा वाढत नव्हता. अशा माणसाला आपण बिघडत आहोत हे उशिरा कळते, रुग्णालय गाठायलाही उशीर होतो. कॅनडातील नोंदींवर आधारलेल्या २००० सालच्या एका विश्लेषणात, आधीच्या वर्षभरात स्टेरॉईडचा जितका अधिक वापर, तितका दम्याने मृत्यू येण्याचा दर कमी, असे आढळले. पंपाच्या प्रत्येक वाढीव डब्यामागे हा दर २१ टक्क्यांनी घटत होता. उलट केवळ सालब्युटामॉलच्या निळ्या पंपावर राहिले की पाच-दहा मिनिटांत धाप जाते, दाह मात्र तसाच चालू राहतो, आणि धाप गेली म्हणून माणूस निर्धास्त होतो. म्हणूनच 'जिना' या दम्याविषयीच्या जागतिक उपक्रमाने २०१९ पासून मोठ्या माणसांच्या दम्यावर एकट्या सालब्युटामॉलने उपचार करू नयेत, अशी शिफारस केली आहे.

सासूबाईंची भीती पोकळ नाही. स्टेरॉईडच्या गोळ्या दीर्घकाळ घेतल्याने हाडे ठिसूळ होतात, रक्तातील साखर वाढते, चेहरा सुजतो, हे त्यांनी कोणाच्या तरी बाबतीत पाहिले असेल. पण तीव्र झटक्यात रोज ४० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन दिले जाते, आणि तुम्ही दिवसाला ४०० मायक्रोग्रॅम ब्युडेसोनाईड घेता. वजनात हे १०० पटींचे अंतर आहे. ब्युडेसोनाईड अधिक जोरकस असल्यामुळे केवळ वजनाची तुलना पुरेशी नाही, हे मान्य. परंतु ते नेमके हवे त्या ठिकाणी पोहोचते, आणि घशातून पोटात गेलेल्या भागातील सुमारे ९० टक्के औषध यकृतातच निकामी होते. या मात्रेला घसा बसणे आणि तोंडात पांढरी बुरशी येणे हे त्रास संभवतात. पंप घेतल्यावर चूळ भरून ती थुंकून टाकावी, आणि फवाऱ्याचा पंप असेल तर स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, वापरावा. शिक्षिकेला आवाज जपायचा असतो, म्हणून हे दोन्ही नियम तुम्ही विशेष पाळा.

मात्रा कमी करण्याविषयी तुमचे डॉक्टर विचार करत आहेत, तो योग्य आहे. दमा किमान तीन महिने आटोक्यात राहिला की मात्रा पायरीने उतरवून पाहतात. फिनलंडमध्ये नव्याने दमा झालेल्या १०३ रुग्णांवर झालेल्या आणि १९९१ व १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दोन वर्षांच्या उपचारानंतर ज्यांची मात्रा कमी करून चालू ठेवली, त्यांतील बहुतेकांचा लाभ टिकला. ज्यांना औषधाऐवजी औषध नसलेला पंप दिला, त्यांतील बऱ्याच जणांचा दमा पुन्हा उसळला. कमी करणे आणि बंद करणे यांत एवढे अंतर आहे. मेथाकोलीनचा तुमचा ४ मिलिग्रॅम हा आकडा अजून सामान्य पट्ट्यात आलेला नाही, हेही ध्यानात असू द्या. निफाडकडचा पारा उतरू लागतो तो डिसेंबर-जानेवारीचा काळ मात्रा उतरवण्यासाठी मी कधीच निवडणार नाही. थंडी सरल्यावर, सर्दी-खोकला नसताना, डॉक्टरांच्या देखरेखीखाली हा प्रयोग करावा.

प्रश्न : माझे वय ४६, दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर भुरीसाठी गंधकाची फवारणी आणि धुरळणी सुरू झाली की खोकला आणि धाप लागते. गावातल्या डॉक्टरांनी फॉर्मोटेरॉल आणि ब्युडेसोनाईडचा एकत्र पंप दिला आणि बराच फरक पडला. मे महिन्यात मोठ्या शहरात मेथाकोलीनची तपासणी केली, तेव्हा शेवटच्या मात्रेपर्यंत केवळ ६ टक्के घट झाली आणि दमा नाही असे सांगण्यात आले. पण तपासणी चालू असताना मला चांगलीच धाप लागली होती, मी ५ सांगितले होते. मग ती धाप खोटी होती का?

उत्तर : धाप खोटी नव्हती आणि दमा नाही हा निष्कर्षही त्या एका तपासणीवरून काढता येत नाही. मेथाकोलीनची तपासणी दम्याची शक्यता फेटाळण्यासाठी फार उपयोगी आहे, पण त्यासाठी त्रास चालू असायला हवा आणि दाह कमी करणारे औषध सुरू झालेले नसावे. तुमच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी उलट्या होत्या. कित्येक महिन्यांच्या ब्युडेसोनाईडने नलिकांची संवेदनशीलता कमी झालेली होती, आणि मे महिन्यात बागेत गंधकाचा वापरही नव्हता.

तपासणीपूर्वी नलिका मोकळ्या करणारी औषधे किती वेळ थांबवायची, याचे ठरलेले नियम आहेत. सालब्युटामॉल ६ तास, फॉर्मोटेरॉल किंवा साल्मेटेरॉल ३६ तास, टायोट्रोपियम किमान ७ दिवस. फॉर्मोटेरॉल आदल्या रात्री घेतले असेल, तर त्यानेच निकाल झाकला गेला असण्याचा संभव आहे. अहवालावर याची नोंद आहे का ते पाहा. स्टेरॉईडचे तसे नाही. त्याचा एखादा डोस चुकवून उपयोग नसतो, कारण परिणाम आठवड्यांत जमतो आणि आठवड्यांतच ओसरतो. म्हणून शक्य असेल तर निदानाची तपासणी पंप सुरू करण्यापूर्वीच उरकावी, असा छातीच्या डॉक्टरांचा आग्रह असतो. रुग्ण धापा टाकत समोर बसलेला असताना गावातल्या डॉक्टरांनी आधी औषध दिले, यात मला काही गैर दिसत नाही. पळून किंवा सायकल चालवून करायची व्यायामाची तपासणी दाहातील पेशींवर अवलंबून असते, त्यामुळे स्टेरॉईड सुरू असताना ती तर याहूनही सहज निर्दोष येते. ती आता करून घेण्यात अर्थ नाही.

राहिली ६ टक्के घटीला लागलेली धाप. पहिल्या पत्रातील बाईंना पूर्वी आकुंचन होऊनही जाणवत नव्हते. तुम्हाला आकुंचन नसताना जाणवले. असे लोकही बरेच असतात. घाबरल्याने श्वास भरभर होणे, श्वास घेताना स्वरयंत्राच्या पट्ट्या मिटणे, वजन जास्त असणे, रक्तक्षय, हृदयाचा विकार, यांपैकी काहीही कारण असू शकते, आणि अशा धापेवर पंपाची मात्रा वाढवून काही साधत नाही. तुमच्या धापेचा किती भाग नलिकांचा आणि किती इतर कारणांचा, हे वेगळे काढायचे असेल, तर हंगामातच मोजावे लागेल. पीक फ्लो मीटर, म्हणजे फुंकण्याचा वेग मोजणारे घरगुती उपकरण, घ्या. फवारणीच्या दिवसांत दोन आठवडे आणि बागेपासून दूर असताना दोन आठवडे, दिवसातून किमान चार वेळा फुंकून आकडा वहीत लिहा, आणि त्याच ओळीत धापेचा शून्य ते दहा आकडाही लिहा. दोन्ही आकडे बरोबरीने हलले तर दम्याची शक्यता बळावते. धाप वाढूनही फुंकण्याचा आकडा जागेवरच राहिला तर डॉक्टर दुसरीकडे शोध घेतील. ही वही घेऊन छातीच्या डॉक्टरांकडे जा. तोपर्यंत पंप स्वतःहून बंद करू नका, आणि धुरळणी वाऱ्याच्या दिशेकडे तोंड करून, नाकाला नुसता गमछा बांधून करू नका. कण अडवणारा, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क वापरा. शक्य असेल तिथे धुरळणीऐवजी पाण्यात मिसळणारे गंधक वापरले, तर हवेत उडणारी भुकटी कमी होते.

प्रश्न : माझे वडील ७१ वर्षांचे आहेत, आम्ही पंचवटीत राहतो. त्यांना जुना दमा आहे. छातीतून आवाज आम्हाला ऐकू येतो, पण "मला काही होत नाही" म्हणून ते पंप टाळतात. दोन महिन्यांपूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे. मेथाकोलीनची तपासणी करून त्यांना पटवता येईल का?

उत्तर : ही तपासणी त्यांच्यासाठी आता करू नये. गेल्या तीन महिन्यांत हृदयविकाराचा किंवा पक्षाघाताचा झटका आलेला असणे, रक्तदाब आटोक्यात नसणे, महाधमनीला फुगवटा असणे, किंवा पहिल्या सेकंदाचा फुंकण्याचा आकडा अपेक्षेच्या ६० टक्क्यांहून कमी असणे, ही ती न करण्याची ठळक कारणे आहेत. शिवाय दमा असल्याचे आधीच ठाऊक आहे, त्यामुळे नलिका मुद्दाम आवळून नवे काही हाती लागणार नाही.

"काही होत नाही" हे वडील प्रामाणिकपणे सांगत असतील. वय वाढते तसे श्वासनलिकांच्या आकुंचनाची जाणीव मंदावते, आणि ज्येष्ठ मंडळी आपली धाप वयाच्या खात्यावर टाकून चालणे-फिरणेच कमी करतात. त्यामुळे त्यांना धाप लागते का असे विचारू नका. गेल्या महिन्यात रात्री खोकल्याने जाग आली का, निळा पंप आठवड्यातून दोनदाहून अधिक लागला का, पूर्वी रामकुंडापर्यंत चालत जात असतील तर आता कुठपर्यंत जातात, असे विचारा. डॉक्टरांच्या प्रत्येक भेटीत करायची साधी स्पायरोमेट्री केव्हापासून सुरू करायची, हे हृदयाच्या डॉक्टरांच्या संमतीने ठरवा. त्यांनी होकार दिला की घरी पीक फ्लो मीटरवर सकाळ-संध्याकाळ फुंकायला लावा. बरे वाटत असतानाचा त्यांचा सर्वांत चांगला आकडा हा आधार धरा. त्याच्या ८० टक्क्यांच्या वर असेल तर नेहमीचे औषध चालू ठेवा. ५० ते ८० च्या दरम्यान असेल तर डॉक्टरांनी लिहून दिलेल्या योजनेप्रमाणे औषध वाढवा आणि त्यांना कळवा. ५० टक्क्यांच्या खाली गेला तर आराम देणारा पंप स्पेसरमधून देऊन लगेच रुग्णालयात न्या, वडील कितीही ठीक वाटते म्हणाले तरी.

स्टेरॉईडचा पंप त्यांनी रोज घ्यायलाच हवा. हृदयविकारासाठी सुरू झालेल्या औषधांची यादी छातीच्या डॉक्टरांना अवश्य दाखवा, कारण त्यातील बीटा-ब्लॉकर गटाची काही औषधे दमा वाढवू शकतात. अशा वेळी हृदयाच्या डॉक्टरांशी बोलून योग्य पर्याय निवडता येतो. घरच्या घरी कोणतेही औषध थांबवू नये.